एकादशीचा टप्पा

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्काम करते आणि ज्येष्ठ वद्य एकादशीच्या पहाटे सासवडची वाट धरते. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटचालीतली ही सर्वांत लांब मजल मानतात. भवानी पेठेतून निघून हडपसर, उरुळी देवाची, वडकी करत जवळजवळ तीस किलोमीटर चालायचं आणि पाय थकले की अखेरीस दिवे घाट चढायचा. त्यात एकादशीचा उपवास. आत्या म्हणते, "सासवड गाठलं की वारी गाठली. पुढचं माउली बघते."

आत्याने सत्तरी ओलांडली आहे. आमच्या दिंडीत तिच्याच वयाचे बायका-पुरुष जास्त. त्यांच्याबरोबर चालताना माझे कान भजनाकडे असले तरी डोळे या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे असतात, आणि ही सवय मला दिंडीतल्या एका निवृत्त परिचारिकेने लावली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांची सगळी नोकरी झाली. दिंडीत त्यांना सगळे सिस्टरमाउली म्हणतात. खांद्यावरच्या पिशवीत बीपीचं यंत्र, थर्मामीटर, जलसंजीवनीची म्हणजे ओआरएसची पाकिटं, आणि डोक्यात प्रत्येक म्हाताऱ्याची गोळी कोणती याची नोंद. "ज्याला पाण्याची गरज जास्त, त्याला तहान कमी लागते," त्या सांगत आल्या आहेत. "म्हणून तहान लागली का, असं मी विचारत नाही. मी बघते."

बघायचं ते काय, हे मी त्या एकादशीला पुणे ते सासवड त्यांच्याबरोबर चालत शिकले.

निघालो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता. हडपसरच्या रस्त्यावर दुतर्फा लोक, कोणी केळी वाटतंय, कोणी राजगिऱ्याचे लाडू, कोणी चहा. "ऊन नाही, बरं झालं," असं जो तो म्हणत होता. सिस्टरमाउलींना मात्र ती हवा आवडली नव्हती. घाम अंगावर आला म्हणून अंग गार होत नाही, तो वाळला तर होतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंग गार होईना म्हणून शरीर आणखी घाम काढतं. अशा हवेत भराभर चालणाऱ्या माणसाचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, आणि त्यातून मीठही जातं. उन्हात डोकं तापतं, घसा सुकतो, माणूस सावली शोधतो, पाणी मागतो. ढगाळ दिवशी असा इशाराच मिळत नाही. पुढच्या माणसाच्या सदऱ्याची पाठ चिंब भिजलेली असते आणि तो म्हणत असतो, आज काही त्रास नाही.

त्यात उपवास. रोज आपल्या पोटात जाणाऱ्या पाण्यातला साधारण पाचवा हिस्सा जेवणातून येतो. आमटी, ताक, भाजी, भात, सगळ्यांत पाणी असतं. एकादशीला हे बंद. शेंगदाणे, साबुदाणा, वेफर्स, लाडू, सगळं कोरडं. चहा मात्र पावलोपावली. चहाने अंगातलं पाणी जातं असा समज आहे, पण रोज चहा पिणाऱ्याला दोन-चार कप चहाने तोटा होत नाही, उलट तेवढं पाणी पोटात जातं. सिस्टरमाउली चहाला कधी नाही म्हणत नाहीत. त्यांची तक्रार एवढीच की चहा घेतला की लोक पाणी घेतल्याचं समाधान मानतात.

तहानेची गोष्ट त्यांनी मला चालता चालता सांगितली. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, रक्तातल्या क्षारांचं प्रमाण सतत तपासणाऱ्या पेशी असतात. पाणी घटून हे प्रमाण वाढलं की त्या एकीकडे तहान जागी करतात आणि दुसरीकडे मूत्रपिंडांना पाणी राखायचा निरोप धाडतात. मग लघवी कमी आणि गडद होते. तहान जाणवते तोवर वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी गेलेलं असतं. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे अर्ध्या लिटरहून जास्त, कधी सव्वा लिटर. वय वाढलं की ही जाणीव मंदावते. मूत्रपिंडांची पाणी राखायची ताकदही उतरते. शिवाय अंगातला साठा मुळातच कमी झालेला असतो, कारण पाणी धरून ठेवणारे स्नायू झिजलेले असतात. आणखी एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. दोन-चार घोट घशाखाली गेले की मेंदू तहान लगेच उतरवतो, पाणी अजून पोटातच असतं तरीही. तहान भागते, तूट भागत नाही.

हडपसर सोडल्यावर भजनात फरक जाणवू लागला. आमच्या दिंडीतले एक काका सकाळपासून खड्या आवाजात चाल लावत होते. उरुळीच्या अलीकडे त्यांचा आवाज खरवडला आणि मग ते नुसते ओठ हलवू लागले. सिस्टरमाउली रांग सोडून त्यांच्याशेजारी गेल्या. "माउली, जीभ दाखवा." जीभ कोरडी, मधोमध पांढरट थर, ओठांच्या कोपऱ्यांत चिकट रेषा. लाळ घट्ट झाली की आवाज जातो, बोलताना जीभ टाळूला चिकटते. पाणी कमी पडल्याची ही खूण सगळ्यांना दिसते आणि सगळे तिला दमणूक म्हणतात. त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून, घोट घोट करत, मोठा गडवाभर पाणी पाजलं आणि वर मीठ लावलेली काकडी दिली. काका आधी काकडीकडे बघत राहिले, उपवासाला चालते का म्हणून. "चालते," असं शेजारच्या विणेकऱ्यांनी वीणा छातीशी धरूनच सांगितलं, तेव्हा त्यांनी खाल्ली.

मग एका टाळकऱ्याचा ठेका चुकायला लागला. टाळ कधी आधी, कधी मागून. कोणी त्याला टोकलं तर तो चिडला. एरवी हा मुलगा कोणाला उलट बोलायचा नाही. वडकीच्या अलीकडे पाण्याच्या टँकरपाशी दोन दिंड्यांतल्या लोकांची बाचाबाची झाली, नळाखाली कळशी कोणाची आधी यावरून. "भांडण नाही हे, पाणी कमी पडलंय अंगात," सिस्टरमाउली म्हणाल्या. मला ते पटायला वेळ लागला, पण आता ही खूण मी सगळ्यांत आधी पकडते. लक्ष लागेनासं होणं, हातातलं काम चुकणं, कपाळ जड होणं, विनाकारण राग येणं, हे सगळं चक्कर येण्याच्या कितीतरी आधी येतं. रक्तातलं पाणी घटलं की डोक्याकडे जाणारा पुरवठा टिकवायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं, आणि माणसाला आपलं काय बिघडलंय ते कळत नाही. स्वतःला कळत नाही म्हणूनच शेजाऱ्याने बघायचं.

वडकीला विसावा घेऊन पालखी पुढे निघाली की घाट समोर दिसतो. डाव्या-उजव्या वळणांनी वर गेलेला रस्ता आणि त्यावर तळापासून माथ्यापर्यंत भगव्या पताका. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव राहतो. हा चारेक किलोमीटरचा चढ बघायला पुण्याहून माणसं मुद्दाम येतात, कठड्यांवर, कपारींवर गर्दी करतात, आणि खरंच, लाखभर गळ्यांतून एकच नाम चढत जाताना ऐकणं हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. मला त्या चढावर नेहमी रडू येतं.

तरी डोळे पुसून मी आत्याकडे बघत होते. घाटाच्या पहिल्या वळणावर थोडं टेकून ती उठली आणि माझा दंड तिने घट्ट धरला. "काय झालं?" "काय न्हाय. अंधारी आली डोळ्यापुढं. जाईल." बसलेलं माणूस उठलं की रक्त पायांकडे ओढलं जातं. अंगात पाणी पुरेसं असेल तर शिरा आवळून दाब लगेच सावरतो. कमी असेल तर क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येतो. सिस्टरमाउलींनी तिची नाडी पाहिली. बसलेली असताना एक, उभी राहिल्यावर कितीतरी जलद. मग तिच्या गळ्याखाली, छातीच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर सावकाश गेली. हीच चिमटी हाताच्या पाठीवर घेतली तर म्हाताऱ्या माणसाबद्दल काही सांगत नाही, कारण वयाने तिथली कातडी ढिली पडलेलीच असते. छातीवर किंवा कपाळावर घ्यायची, आणि तिच्या एकटीवर विसंबायचं नाही. काखेत हात घालून पाहायचं. एवढ्या दमट दिवशी काख कोरडी लागली तर ते वाईट.

"आत्या, पाणी कधी प्यायलीस?"

"चूळ भरली की वडकीला."

"पोटात किती गेलं?"

आत्या काही बोलली नाही. शेजारून चालणारी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, पाणी प्यायचं म्हंजे मग जायाचं कुटं?"

मला त्या घाटातलं दुसरं काहीही विसरता येईल, हे वाक्य नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, कठड्यावर बघे, हातात कॅमेरे, वर ड्रोन. पुरुष कुठेतरी वळतो. बाईने काय करायचं? मुक्कामाच्या गावांत आता फिरती शौचालयं येतात. ‘निर्मल वारी’च्या कामाने तिथं फार मोठा फरक पडला आहे. मी लहानपणी ऐकलेल्या वारीत आणि आजच्या वारीत हा फरक दिसतो, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मुक्काम ते मुक्काम मधला दिवस तसाच आहे. पहाटे तीन-चारला अंधारात उरकायचं आणि मग थेट रात्रीच्या तळावर. मधले चौदा-पंधरा तास बायका पाणी तोडतात. त्याची त्यांनी एक पद्धत बसवली आहे. चूळ भरायची आणि थुंकायची. ओठ ओले करायचे. तोंडात लवंग धरायची, म्हणजे लाळ सुटते आणि घसा ओरडत नाही. तहान मारण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या आहेत की शरीराची खूण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि जी खूण सगळ्यांत खरी, ती त्या बघू शकत नाहीत, कारण लघवीच होत नाही.

आत्याला मी कठड्याशी बसवलं. सिस्टरमाउलींनी पाण्यात पाकीट कालवलं आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "वर झेंडेवाडीला ओळखीचं घर आहे माझं. मी नेते तुम्हाला. आता प्या." घर आहे म्हटल्यावर आत्याने बाटली तोंडाला लावली.

सासवडला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सोपानदेवांच्या समाधीचं हे गाव. इथं दोन रात्री मुक्काम. तंबूत पाठ टेकली तोच एकेकाच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. नुसत्या दमण्यानेही पाय वळतात, पण दिवसभर घामावाटे मीठ गेलेलं आणि पोटात फक्त थोडं पाणी, अशा वेळी ते जास्त येतात. तेल चोळून झाल्यावर सिस्टरमाउलींनी बायकांच्या तंबूत फेरी धरली. प्रत्येकीला मोठ्याने तोच प्रश्न. "लघवीला कधी गेला होता? रंग कसा होता?" आधी बायका लाजून हसल्या, पदर तोंडाला लावला. मग एक म्हणाली, पहाटेपासून आत्ताच, आणि थेंबभर. दुसरी म्हणाली, जळजळ झाली. तिसरी म्हणाली, "कोऱ्या च्यासारखी हाय गं बाई."

फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर पाणी कमी आहे. तपकिरीकडे झुकली, किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर शरीर अडचणीत आहे. कोणाला ही तपासणी करायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंग उगीच झगझगीत पिवळा दिसतो, तेवढं लक्षात ठेवायचं. कोऱ्या चहाचा रंग पाणी भरपूर पिऊनही उतरला नाही तर दवाखाना गाठायचा, कारण ते स्नायू किंवा यकृताच्या दुखण्याचंही लक्षण असू शकतं. त्या रात्री तंबूत इतक्या उघडपणे हे बोलणं झालं की मला फार बरं वाटलं. ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे तिची लाज का बाळगायची?

दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. कऱ्हेकाठी धुणी, जेवणात आमटी-भाकरी, ताक. दुपारी बायकांचा घोळका सिस्टरमाउलींभोवती बसला आणि नखं दाबून बघण्याचा खेळ सुरू झाला. नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. हात गार असतील किंवा वय झालं असेल तर थोडा वेळ जास्त. पालखी बघायला आलेली एक तरुण बाई कडेवर जुलाबाने हैराण झालेलं तान्हं घेऊन आली. सिस्टरमाउलींनी आधी विचारलं, "रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? लंगोट किती वेळ कोरडा आहे?" मग टाळूवर हलकेच बोटं ठेवली. टाळू खोल गेलेली नव्हती, पोर रडतही होतं आणि पाणीही गळत होतं. चमच्याचमच्याने जलसंजीवनी, अंगावरचं दूध चालू आणि आरोग्य पथकाच्या डॉक्टरांना दाखवणं, एवढ्यावर भागलं.

आत्याला तेव्हा तिच्या आजीने सांगितलेली पटकी, म्हणजे कॉलरा, आठवली. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. माणसं यात्रेत मेली, परतीच्या वाटेवर मेली, गावात जाऊन मेली. गावोगावच्या मरीआईच्या देवळांशी ही भीती जोडलेली आहे. पटकी मारते ती अंगातलं पाणी ओढून. जुलाब-उलट्यांनी काही तासांत डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते. विषाने नव्हे, तहानेने माणूस जातो, असंच म्हणायला हवं. दीडशे वर्षांपूर्वीच्या वाटेवर कोणाला हे ठाऊक असतं की साखर आणि मीठ ठरावीक मापात पाण्यात घातलं की आतड्याचं दार उघडतं, तर किती जीव वाचले असते. आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम एकत्र आत नेणारी यंत्रणा असते, त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं, आणि पटकीतही ही यंत्रणा शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी ड्रमांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मी हे सांगितलं तेव्हा घोळक्यातल्या एका आजीने हात जोडले.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. चवीला अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. रंगीत, गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस लिहून विकण्याला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली. ती कितीतरी आधी यायला हवी होती, कारण अशा डब्यांवर विश्वास ठेवून आजारी पोरांना नुसती साखर पाजली गेली आहे.

जेजुरीच्या वाटेवर याच्या उलट बाजूचाही माणूस भेटला. आदल्या दिवशीच्या बोलण्याने घाबरलेला दिंडीतला एक तरुण दर फर्लांगाला बाटली रिकामी करत होता. खंडोबाचा गड दिसायला लागला तेव्हा त्याचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, बोटातली अंगठी रुतली होती. त्याची लघवी पाण्यासारखी पांढरी. नुसतं पाणी खूप, आणि मीठ काहीच नाही, अशाने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि हेही जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर तपासलेल्या धावपटूंपैकी दर शंभरात तेराजणांचं सोडियम कमी निघालं होतं. डोकेदुखी आणि मळमळ दोन्हीकडे असते, म्हणून सिस्टरमाउलींनी बोटांकडे आणि लघवीकडे पाहिलं. त्याचं पाणी थांबवलं, खारे शेंगदाणे हातावर ठेवले आणि आरोग्य पथकाकडे पाठवलं.

वाल्ह्याचा मुक्काम पावसात गेला. नीरेकडे निघालो तेव्हा सगळी दिंडी प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळलेली होती. वरून पाणी, आतून घाम. पावसात कोणाला पाण्याची आठवण होत नाही. नीरेच्या पुलावर माउलींच्या पादुकांच्या स्नानासाठी गर्दी झाली आणि तिथं आमच्यातले एक आजोबा दिसेनात. सापडले ते दुसऱ्याच दिंडीत, शांतपणे चालताना. "आजोबा, दिंडी कितवी आपली?" ते बघत राहिले. गळ्यातल्या कार्डावर क्रमांक होता, तो त्यांना वाचता येत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. सुनेचं नाव आठवेना. बोलणं अडखळत होतं. लोक म्हणाले, वयाचं आहे. सिस्टरमाउली म्हणाल्या, "काल रात्री यांनी मला सबंध हरिपाठ म्हणून दाखवला. वय एका रात्रीत होत नाही."

प्लास्टिक काढलं, अंग तपासलं. ताप नव्हता. अंग भाजत असतं आणि अशी भूल पडली असती तर उष्माघात धरून अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने न्यावं लागलं असतं. कोणीतरी भांडं त्यांच्या तोंडाला लावायला निघालं, ते त्यांनी थांबवलं. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन केला, पथकाने सलाइन लावली. पुढे मला कळलं की आजोबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. गोळी त्यांनी नेमाने घेतली होती, पाणी मात्र वाटेत लघवीला थांबावं लागू नये म्हणून तोडलं होतं. अशी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करायची नसते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं. पुरुषालाही गुडघे धरले, रांग सुटायची भीती असली की हीच अडचण येते, हे मला तेव्हा कळलं. लोणंदला ते आमच्यात परत आले आणि पहिल्यांदा त्यांनी सुनेला फोन लावून मागितला.

लोणंदच्या तळावर आम्ही तिघी दिंडीचालकांकडे गेलो. आमचं म्हणणं सरळ होतं. पाण्याचा टँकर तुम्ही नेमाने आणता, त्याबद्दल उपकार आहेत. पण जिथं जायची सोय नाही तिथं बायका पाणी पिणार नाहीत, टँकर कितीही आले तरी. त्यांनी ऐकून घेतलं. ट्रकमधून बांबू-ताडपत्रीचा आडोसा न्यावा म्हटलं तर पालखी मार्गावर गाड्या मधे थांबू देत नाहीत, पुढच्या तळावर काढतात, ही खरी अडचण होती. मग तुळशीवाल्या मावशीनेच मार्ग काढला. "वाटंवरची मानसं आपलं पाय धुत्यात. भाकरी देत्यात, चा देत्यात. मोरी वापरू द्या म्हणलं तर न्हाय म्हणत्याल व्हय? आपन कवा इचारलंच न्हाय."

दुसऱ्या पहाटे तरडगावच्या वाटेवर मी आणि दिंडीतल्या दोघी पोरी बरंच आधी पुढे निघालो. रस्त्याकडेच्या पहिल्या घराशी एक बाई सडा घालत होती. आम्ही विचारलं. तिने आधी आमच्याकडे नीट पाहिलं, मग आत जाऊन नवऱ्याला उठवलं, मोटार चालू करायला लावली, परसातल्या शौचालयापाशी बादल्या भरून ठेवल्या आणि वाटेच्या तोंडाशी ओळखीसाठी काठीला हिरवं लुगडं बांधलं. दिंडी आली तेव्हा बायकांची रांग परसातून फाटकापर्यंत लागली. त्या बाईने हंडा-तांब्या बाहेर आणून ठेवला. सिस्टरमाउली रांगेच्या शेवटी उभ्या राहून बाहेर येणारीला पाणी देत होत्या आणि रंग विचारत होत्या.

आत्या दोन तांबे पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "पुढलं घर कंचं ठरवलंस?"